दोष दैवाचा की घाईचा?

शोकांतिका म्हटली की ‘बिचाऱ्यांच्या नशिबातच ते होते’ असे आपण सहज म्हणून जातो. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’बद्दल असे म्हणायला तर नाटककारानेच वाव दिला आहे. १५९५ च्या सुमारास लिहिलेल्या या नाटकाच्या प्रारंभीच्या निवेदनातच प्रेमिकांचे ग्रह प्रतिकूल असल्याचे सांगितले आहे. परंतु नाटक बारकाईने वाचले की ग्रहांपेक्षा माणसांची घाईच अधिक नजरेत भरते.

आर्थर ब्रुक या कवीने १५६२ मध्ये ही कथा इंग्रजीत सांगितली, तेव्हा ती काही महिने चालत होती. शेक्सपिअरने ती अवघ्या चार-पाच दिवसांत बसवली. व्हेरोनात रविवारी रात्री दोघांची दृष्टादृष्ट होते, सोमवारी दुपारी लग्न लागते आणि तासाभरातच, मित्राच्या खुनाने पेटलेल्या रोमिओच्या हातून ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट मारला जातो. रोमिओला हद्दपारीची शिक्षा होते. ज्युलिएटला तर अजून चौदा वर्षेही पुरी झालेली नाहीत!

येथे कोणी म्हणेल, ज्युलिएटचा मृत्यू खोटा असल्याचे पत्र रोमिओला मिळाले नाही, हा दैवयोगच! खरे आहे. पत्र नेणारा साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला, यात त्याचा अपराध नाही. पण पुढे पाहा. मृत्यूची वार्ता घेऊन नोकर येतो, तेव्हा रोमिओ त्याला विचारतो, धर्मगुरूंचे पत्र आहे का? ‘नाही’ म्हटल्यावर तो वाट पाहत नाही. नोकराने धीर धरण्याची केलेली विनवणीही ऐकत नाही. चाळीस डुकाट देऊन विष घेतो आणि रात्री थडग्यापाशी पोहोचतो. तिच्या ओठांवरची, गालांवरची लाली त्याला दिसते. पण तिचा अर्थ लावायला तो थांबत नाही. थोड्याच वेळात ज्युलिएट जागी होते. पत्र चुकवले दैवाने. ती घटका मात्र रोमिओनेच गमावली.

तरीही सगळा दोष तरुणांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण येथे वधुपित्यालाही तितकीच लागू पडते. तो मुलीला न विचारता तिचे लग्न गुरुवारी ठरवतो, ती नकार देताच घराबाहेर काढण्याची धमकी देतो आणि होकार मिळताच मुहूर्त बुधवारवर आणतो. सावकाशीचा उपदेश करणारे धर्मगुरू लॉरेन्सही रोमिओचे लग्न भेटीच्या दुसऱ्याच दिवशी गुपचूप लावून देतात.

आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, तेव्हा त्याला नाव दिले ‘विकारविलसित’. शोकांतिकेचे मूळ मनोविकारांत शोधण्याची दृष्टी आपल्याला नवी नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजात येणारी मी पहिलीच. मुलीची शाळा सुटली, लग्न लवकर उरकले, तरी आमच्याकडे ‘नशीब’ या एका शब्दात सगळ्याची वासलात लागते. त्या शब्दाने दुःख सोसायला बळ मिळते, हे मी नाकारत नाही. पण निर्णय कोणी घेतला, किती घाईने घेतला, हे प्रश्नही त्याच शब्दाखाली गाडले जातात.

नाटकाच्या अखेरीस दोन्ही बाप मुलांच्या प्रेतांपाशी एकमेकांचा हात हाती घेतात आणि त्यांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन देतात. म्हणजे वैर मिटवणे त्यांच्या हाती होते तर! मग त्याला दैव कसे म्हणावे?

— द्वितीय वर्ष, कला