शहात्तर लाख प्रतींचा हिशेब

गायिका हिकारू उताडाचा ‘फर्स्ट लव्ह’ हा अल्बम १० मार्च १९९९ रोजी जपानच्या दुकानांत आला, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. एकट्या जपानात त्याच्या ७६ लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिथला आजवरचा सर्वाधिक खपाचा अल्बम हाच. लाख-कोटी कानांवरून जाऊन जाऊन आपली जाणीव इतकी बोथट झाली आहे की असा आकडा वाचून आपण ‘बरंय’ म्हणतो आणि पान उलटतो. म्हणून जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू.

सीडीची चकती १२ सेंटिमीटर रुंद. ७६ लाख चकत्या एकीला एक लागून जमिनीवर मांडल्या, तर रांग ९१२ किलोमीटरची होते. टोकियो ते हिरोशिमा हा शिनकान्सेनचा लोहमार्ग ८२१ किलोमीटरचा आहे. म्हणजे जपानची ती सुसाट गाडी टोकियोहून सुटल्यापासून हिरोशिमात थांबेपर्यंत, जवळजवळ चार तास, खिडकीबाहेर रुळांच्या कडेने फक्त ‘फर्स्ट लव्ह’ चमकत राहील. वर नव्वद किलोमीटर पुरतील इतक्या चकत्या शिल्लक.

आता ऐकण्याचा हिशेब. अल्बम पाऊण तासाचा धरू. विकली गेलेली प्रत्येक प्रत फक्त एकदा, एकामागून एक, रात्रंदिवस वाजवत बसलं, तर साडेसहाशे वर्षं लागतील. शेवटची प्रत आज संपायची असेल तर पहिली चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात लावायला हवी होती. जपानी नो नाट्याचा थोर नटनाटककार झेआमी तेव्हा लहान पोर होता.

पण मला या दोन्ही गणितांहून तिसरं जास्त बोलकं वाटतं. २००० च्या सुमारास जपानची लोकसंख्या १२ कोटी ७० लाखांच्या आसपास होती आणि कुटुंबं साधारण पावणेपाच कोटी. म्हणजे दर सहा घरांमागे एका घरात ही सीडी. ज्यांना गाण्याबजावण्याशी काही देणंघेणं नाही अशा आजी-आजोबांची घरंही यात धरलेली आहेत. आणि जपानात सीडी विकत घेणं मुळीच सक्तीचं नव्हतं. १९८० पासून तिथे गाण्यांच्या तबकड्या भाड्याने देणारी दुकानं होती. थोडे पैसे द्यायचे, अल्बम घरी न्यायचा, मिनिडिस्कवर उतरवून घ्यायचा आणि परत करायचा. हे सगळं राजरोस. दुकानदाराला सूट देऊन माल खपवायचीही मुभा नव्हती, कारण सीडीची किंमत कंपनी ठरवी आणि ती देशभर एकच असे, साधारण ३,००० येन. भाड्याने स्वस्तात मिळत असताना ७६ लाख वेळा कुणीतरी पूर्ण किंमत मोजली. पुढे गटातल्या आवडत्या गायिकेला मत देण्याची चिठ्ठी सीडीत घालायची आणि एकेका चाहत्याला ढिगाने प्रती घ्यायला लावायच्या, ही शक्कल निघाली. त्या काळचे आकडे मी याच्या शेजारी ठेवणार नाही.

‘फर्स्ट लव्ह’च्या आधीचा विक्रम ‘बीज’ या जोडीच्या १९९८ च्या ‘प्लेझर’चा होता, ५१ लाखांचा. पण तो निवडक गाण्यांचा संग्रह होता. आधीच गाजलेली गाणी एकत्र बांधली की खप होणारच. ‘फर्स्ट लव्ह’ हा नव्या मुलीचा पहिला जपानी अल्बम, गाणी तिची तिने लिहिलेली.

तीन महिने आधी, ९ डिसेंबर १९९८ ला, तिचं ‘ऑटोमॅटिक’ हे एकल गाणं आलं, त्याची गंमत वेगळीच. ते दोन आकारांत निघालं. एक नेहमीची १२ सेंटिमीटरची चकती. दुसरी ८ सेंटिमीटरची बुटकी, लांबट अरुंद कागदी वेष्टनात बसवलेली, जपानी पॉपच्या त्या काळाची खास खूण. दोन्ही मिळून २० लाखांहून अधिक खपल्या. तरी हे गाणं ओरिकॉन या जपानी खपाच्या यादीत कधीच पहिलं आलं नाही! यादी करणाऱ्यांनी दोन आकार दोन वेगळ्या वस्तू म्हणून मोजले. मोठी चकती दुसऱ्या क्रमांकावर अडकली, छोटी चौथ्यावर. चित्रफितीत ही पोरगी बुटक्या छताखाली वाकून गाताना दिसते, शेजारी सोफा. देशभर त्या वाकण्याची नक्कल झाली.

मग आला २८ मार्च २००१. त्या एका दिवशी उताडाचा दुसरा अल्बम ‘डिस्टन्स’ आणि आयुमी हामासाकी या गायिकेचा ‘अ बेस्ट’ समोरासमोर उभे राहिले. पहिल्या आठवड्यात ‘डिस्टन्स’च्या ३०,०२,७२० प्रती गेल्या, ‘अ बेस्ट’च्या २८,७४,८७०. दुकानं सातही दिवस बारा-बारा तास उघडी होती असं धरलं, तर गल्ल्यावर दर सेकंदाला ‘डिस्टन्स’च्या दहा प्रती, आणि दोघींच्या मिळून एकोणीस. हे वाक्य वाचून होईपर्यंत शंभरेक सीडी पिशवीत गेल्या असत्या.

एका देशात एका आठवड्यात इतका खप पुन्हा व्हायला चौदा वर्षं जावी लागली. २०१५ मध्ये गायिका अ‍ॅडेलच्या ‘२५’ या अल्बमने अमेरिकेत ३३ लाख ८० हजारांचा टप्पा गाठला. विक्रम मोडला खरा, पण अमेरिकेत तेव्हा ३२ कोटी माणसं होती. तिथे ९५ जणांमागे एक प्रत, जपानात ४२ जणांमागे एक. डोकी मोजून निकाल लावायचा म्हटलं तर उताडाच पुढे.

हे सगळं त्याच वेळी का झालं, याचं उत्तर अर्धं तिच्या आवाजात आहे आणि अर्धं बाजारात. जपानच्या ध्वनिमुद्रण उद्योगाचं उत्पादन १९९८ मध्ये शिखरावर पोचलं होतं, ६०,७५० कोटी येन. तिथून उतार लागला आणि तो थांबेना. म्हणजे तिने दुकानात पाऊल टाकलं तेव्हा घर भरलेलं होतं, पंगत उठायची वेळ मात्र जवळ आली होती. २००२ चा ‘डीप रिव्हर’ ३६ लाखांवर थांबला. दीर्घ विश्रांतीनंतर २०१६ मध्ये ‘फँटोम’ आला, तो पहिल्या आठवड्यात अडीच लाख प्रतींवर अव्वल ठरला. ‘डिस्टन्स’च्या बाराव्या हिश्श्यात पहिला नंबर!

मधल्या काळात मोठा आकडा दुसऱ्या दाराने परत आला. २००७ मध्ये ‘फ्लेव्हर ऑफ लाइफ’ हे एका दूरचित्रवाणी मालिकेतलं गाणं मोबाइलवर उतरवून घ्यायला झुंबड उडाली. त्या वर्षीच्या जागतिक गणतीत ७२ लाख वेळा, अ‍ॅव्हरिल लविनच्या ‘गर्लफ्रेंड’च्या फक्त एक लाख मागे. यात फोनच्या घंटीसाठी घेतलेले तुकडेही आले, तेव्हा ७६ लाख आणि ७२ लाख यांची तुलना करू नये. पहिल्या आकड्यात डबीसकट प्रत शंभरेक ग्रॅमची धरली तर साडेसातशे टन माल ट्रकांतून वाहिला गेला होता, दुसऱ्यात एक ग्रॅमही नाही.

आणि एक विक्रम तिच्या घरात आधीपासून होता. तिची आई केइको फुजी ‘एन्का’ या जपानी शैलीची गाणी गायच्या. १९७० मध्ये त्या अठरा वर्षांच्या होत्या, तेव्हा त्यांचा पहिला अल्बम सलग २० आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्याला खाली खेचलं ते त्यांच्याच दुसऱ्या अल्बमने, आणि तो आणखी १७ आठवडे हलला नाही. सलग ३७ आठवडे, एकच गायिका. ७६ लाख प्रती विकूनही लेकीला हे जमलं नाही.