टर्फच्या आधी गटार

हॉस्टेलमध्ये सिव्हिलवाल्यांचं काम काय, तर गॅदरिंगच्या मांडवाचा खांब हलवून बघणं, असा बाकीच्या ब्रँचेसचा समज आहे. गेल्या मे महिन्यात मात्र रेक्टर सरांनी आम्हा तिघांना बोलावून विचारलं, "मागच्या मैदानात कृत्रिम टर्फ टाकायचंय. पाणी साचेल का रे?"

मागचं मैदान म्हणजे दोन इमारतींमधली ३० बाय १८ मीटरची जागा. पावसाळ्यात तिथे पाय बाहेर येतो आणि चप्पल आत राहते, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पैसे मेसच्या बचतीतले, म्हणजे आपलेच होते.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार आले. त्यांनी दोन बादल्या पाणी जमिनीवर ओतलं. मिनिटभरात गायब! "बघा साहेब, माती कशी पाणी पितेय. टर्फला खालून भोकं असतातच, सरळ अंथरून टाकू." आम्हीही माना डोलावल्या. रात्री मेसमध्ये शंका आली, की पाणी मातीत मुरलं की नुसतं भेगेत पडलं?

आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, सुकली की आक्रसते आणि भेगा पडतात. मे महिन्यात या भेगांत बादलीच काय, टँकर रिकामा केला तरी पाणी जातं. पण जूनमध्ये दोन पाऊस झाले की माती फुगून भेगा बंद होतात, आणि मग पाण्याला खाली जायला वाट उरत नाही. म्हणजे त्या बादल्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, फक्त मे महिन्याचं खरं सांगितलं होतं.

म्हणून आम्ही ३० सेंटिमीटरचा चौकोनी खड्डा खणला, दिवसभर पाण्याने भरत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पट्टी उभी केली. चार तासांत पाणी उतरलं दोन-तीन मिलिमीटर. त्यातलंही काही उन्हानेच नेलं असणार. मग लॅबमध्ये फ्री स्वेल टेस्ट केली (ओरलला हमखास विचारतात, लक्षात ठेवा). १० ग्रॅम माती रॉकेलमध्ये, १० ग्रॅम पाण्यात, २४ तास. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १० मिलिलिटर, पाण्यात १८. म्हणजे ८० टक्के फुगवटा. ५० च्या वर गेला की कोडप्रमाणे तो फारच जास्त. अशा मातीवर सरळ टर्फ अंथरलं असतं तर पाणी वर साचलं असतंच, शिवाय उंचवटे येऊन जोड उकलले असते.

आता पाणी किती? तासाला ५० मिलिमीटरचा एक जोरदार पाऊस धरला तर ५४० चौरस मीटरवर २७ हजार लिटर होतात. पण खरा शोध वर बघितल्यावर लागला. गच्चीचे चार पाइप थेट मैदानात सुटले होते! सुमारे ४०० चौरस मीटर गच्चीचे आणखी २० हजार लिटर. पहिलं काम ते. पाइप वळवून बंद गटारात सोडले. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी.

उरलेलं पाणी खाली जाणार नाही, तर त्याला आडवं न्यायचं, एवढीच युक्ती. वरची ३५ सेंटिमीटर काळी माती काढली आणि मधे उंच, दोन्ही कडांना १०० ला १ असा उतार दिला. त्यावर त्याच उताराने २० सेंटिमीटर मुरूम दाबला. न फुगणाऱ्या मातीचा थर फुगणाऱ्या मातीवर द्यायचा हे तंत्र आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांचं. त्यांचा थर बराच जाड असतो, आम्ही खिशाला परवडला तेवढा दिला. वर जिओटेक्स्टाइल कापड आणि खडी. नुसता खड्डा खणून खडी भरली असती तर मात्र तो हौद झाला असता. म्हणून दोन्ही कडांना चर काढून त्यात भोकांचा पीव्हीसी पाइप, भोकं खाली. हो, खालीच! चरात पाणी तळापासून चढतं, ते खालूनच लवकर शिरतं. याला फ्रेंच ड्रेन म्हणतात, पण फ्रान्सशी त्याचा संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाच्या अमेरिकी वकिलाने १८५९ मध्ये शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून हे नाव.

इथवर सगळं छान. मग मिस्त्री काकांनी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतली आणि म्हणाले, "पोरांनो, तुमचं गटार तर वर हाय." रस्त्याकडचं गटार आमच्या पाइपच्या तोंडापेक्षा १२ सेंटिमीटर उंच! पावसात तेच मैदानात आलं असतं. उपाय एकच होता. उतार उलटा फिरवून पाइप मागच्या ओढ्यापर्यंत न्यायचा. आणखी २२ मीटर.

त्यात टर्फचे पैसे संपले. टर्फ दिवाळीनंतर, असं ठरलं. ज्यांनी दोन वर्षं पैसे साठवले ते फायनलवाले जूनमध्ये जाणार होते. मीटिंगमध्ये एक सीनियर म्हणाला, "म्हणजे आम्ही पैसे दिले गटाराला?" मला उत्तर सुचलं नाही. खरं तर तसंच होतं. आजही त्याला काय सांगायला हवं होतं ते कळत नाही.

जुलैत एका रात्री धो धो पाऊस पडला. आम्ही तिघं टॉर्च घेऊन ओढ्याकडच्या तोंडाशी बसलो. आधी गढूळ पाणी आलं, मग बऱ्यापैकी स्वच्छ. पाऊस थांबल्यावर पाऊण तासात मैदानातल्या खडीवर पाणी दिसेना. मी त्या सीनियरला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बरं. टर्फ टाकताना जोड नीट बघा."

टर्फ डिसेंबरात टाकलं. दोन्ही पाइप जिथे मिळतात तिथे, पाण्याच्या टाकीजवळ, गाळ काढायचा चौकोनी चेंबर आहे. मे अखेरीला तो उघडून साफ करावा लागेल. तेव्हा त्याच्या झाकणावर बाइक लावू नका.