बदलत्या क्रमांकाचे मोल : इंटरनेटच्या मानकांपासून चाकणच्या गाडीपर्यंत

इंटरनेटच्या तांत्रिक मानकांत खासगीपणाचा विचार उशिरा शिरला. सुरुवातीच्या मसुद्यांना निरोप पोहोचवण्याची घाई होती; तो वाटेत कोण वाचतो, याची फारशी फिकीर नव्हती. ‘आरएफसी’ या इंटरनेटच्या क्रमांकित तांत्रिक दस्तऐवजांपैकी, ऑगस्ट १९९६ च्या आरएफसी १९८४ ने कूटलेखनावरच्या सरकारी निर्बंधांना विरोध केला. जुलै २०१३ च्या आरएफसी ६९७३ ने मसुदा लिहितानाच खासगीपणाचे प्रश्न विचारण्याची रीत घालून दिली. अमेरिकी सरकारची पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन प्रकरणानंतर, मे २०१४ मध्ये, आरएफसी ७२५८ ने घाऊक पाळत हा हल्लाच असल्याचे ठरवले. पुढे निरोप कूटबद्ध करणारे टीएलएस १.३ आणि क्विक हे प्रोटोकॉल आले.

या इतिहासातला कळीचा धागा मात्र न बदलणाऱ्या क्रमांकाचा आहे. आयपीव्ही६ या इंटरनेट-पत्त्यांच्या पद्धतीत नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा कायमचा क्रमांक मधोमध फोडून, त्यात १६ ठरावीक बिटे घालून पत्त्याचा उत्तरार्ध बनवत. त्यामुळे एकच लॅपटॉप निगडीच्या घरी जोडा की चाकणच्या कारखान्यात, उत्तरार्ध तोच राही. मजकूर कूटबद्ध असला तरी माणसाचा माग लागे. जानेवारी २००१ मध्ये नार्टन आणि ड्रेव्ह्ज यांच्या आरएफसी ३०४१ ने ठरावीक काळाने बदलणारा यादृच्छिक पत्ता दिला. २००७ आणि २०२१ मध्ये तो सुधारला गेला. खासगीपणा मसुद्यातच घडवता येतो, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहननिर्मितीच्या पट्ट्याला हा धडा थेट लागू पडतो, कारण आता गाडीही सतत बोलते. टायरमधल्या हवेचा दाब सांगणारा सेन्सर आपला कायमचा क्रमांक उघड्यावर प्रसारित करतो. तो सुमारे ४० मीटरवरून टिपता येतो, हे अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. याउलट, वाहनांनी एकमेकांना स्थान आणि वेग कळवण्याच्या अमेरिकी आराखड्यात प्रत्येक गाडीला तात्पुरत्या प्रमाणपत्रांचा संच मिळतो. ती आलटूनपालटून वापरली जातात आणि कोणत्याही एका संस्थेला गाडीचा पूर्ण माग जुळवता येऊ नये, अशी कामांची विभागणी असते.

वाहनांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय या संस्थेच्या एआयएस १४० मानकानुसार, १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या प्रवासी बस-टॅक्सींमध्ये स्थानदर्शक यंत्र आणि आणीबाणीचे बटण आले. संकटात गाडी ओळखू यावीच लागते. तिथे क्रमांक बदलून भागत नाही. म्हणून गाडीच्या स्थानाची नोंद कोणी पाहावी आणि किती काळ ठेवावी, हे तितक्याच काटेकोरपणे ठरवणे भाग आहे.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, आता मानकांत डोके कशाला घालायचे, असे म्हणणारा एक वर्ग आहे. हा युक्तिवाद तोकडा आहे. माहिती हाती आल्यावर काय करावे, हे कायदा सांगतो. ती बाहेर पडावी की नाही, हे मानक ठरवते. रस्त्याकडेला उभ्या अनोळखी रेडिओ रिसीव्हरकडून संमतीपत्र भरून घेता येत नाही.

खेद याचा, की ज्या पट्ट्यात गाड्या घडतात तिथेच मानक म्हणजे होमोलोगेशनच्या (वाहन-मान्यतेच्या) वेळी भरायचा तक्ता, ही समजूत बळावते आहे. ब्रेक आणि धुराची चाचणी कसून होते. गाडी कोणता क्रमांक किती दूरवर प्रसारित करते, हे क्वचितच विचारले जाते. इंटरनेटची मानके घडवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेचे मसुदे सर्वांना खुले असतात आणि मत नोंदवायला सभासदत्व लागत नाही. या पट्ट्यातल्या अभियंत्यांनी प्रत्येक मसुद्याला तीन प्रश्न विचारावेत : हा क्रमांक लागतोच का, तो किती काळ टिकतो आणि वाटेत कोणाला दिसतो? गाडी रस्त्यावर आल्यावर टायरमधला सेन्सर बदलणे महाग पडते; मसुद्यातले वाक्य बदलायला मात्र काहीच खर्च येत नाही.