"दादा, माझ्याकडे तर चालतंय!" – दुकानातलं ॲप आणि पत्त्याचा घोळ



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानासाठी स्वतःचं बिलिंग ॲप करून घेण्याबद्दल बोललो. त्यातला एक मुद्दा घाईत राहून गेला, तो इथे नीट लिहितो. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मीही बीबीएवाला, कोडिंग करणारा नाही. हा धडा मी गल्ल्यावर उभा राहून शिकलोय.

काय झालं होतं?

माझं सुकामेवा आणि मसाल्याचं दुकान. दिवाळीच्या तोंडावर एका फ्रीलान्स डेव्हलपरकडून ॲप करून घेतलं. काउंटरवर ॲन्ड्रॉइड टॅबलेट, मागे गोदामात विंडोजचा कॉम्प्युटर. टॅबलेटवर बिल झालं की मागे स्टॉक कमी व्हावा, एवढीच अपेक्षा. त्याच्या लॅपटॉपवर डेमो झकास झाला. मी खूश होऊन शेवटचा हप्ताही देऊन टाकला.

वसुबारसेला ते दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि टॅबलेट काही केल्या जोडलाच जाईना. गिऱ्हाईक रांगेत, आणि आम्ही वहीवर बिलं लिहितोय! फोन केला की एकच उत्तर, "दादा, माझ्याकडे तर चालतंय." आधी वाटलं, टाळतोय. पण तो खरंच बोलत होता.

पत्ता आणि गाळा नंबर

दोन मशीन नेटवर्कवरून बोलतात तेव्हा प्रत्येक प्रोग्राम आपल्या बाजूला जोडणीचं एक टोक उघडतो. त्याला सॉकेट म्हणतात. समोरच्याला गाठायला दोन गोष्टी लागतात. आयपी ॲड्रेस, म्हणजे बिल्डिंगचा पत्ता, आणि पोर्ट, म्हणजे त्या बिल्डिंगमधला गाळा नंबर. माझ्या कॉम्प्युटरचा पत्ता होता १९२.१६८.१.१० आणि पोर्ट ८०८०.

आता गंमत अशी की, पत्ते दोन पद्धतीचे असतात. जुनी पद्धत आयपीव्ही४. हा पत्ता ३२ बिटचा, म्हणून असे पत्ते एकूण साधारण ४२९ कोटीच. २०११ मध्ये जागतिक पातळीवरचा शिल्लक साठा वाटून संपला. नवी पद्धत आयपीव्ही६. हा पत्ता १२८ बिटचा, त्यामुळे तुटवड्याचा प्रश्नच नाही. आज दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालू आहेत, पण त्या एकमेकींना आपोआप समजत नाहीत.

मग अडलं कुठे?

डेव्हलपरने कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामला नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही६चा दरवाजा उघडायला सांगितला होता. त्याचा लॅपटॉप लिनक्सवर चालणारा. लिनक्समध्ये सहसा असा दरवाजा उघडला की जुन्या पत्त्याने येणाऱ्यालाही तिथूनच आत घेतात. विंडोजमध्ये उलटं आहे. वेगळं सांगितलं नाही, तर त्या दरवाजातून फक्त आयपीव्ही६वालाच आत येतो.

आमचा टॅबलेट जुना पत्ता घेऊन दार ठोठावत होता. आत प्रोग्राम चालू होता, पण त्या पत्त्यासाठी दारच उघडं नव्हतं. कोड तोच, पोर्ट तोच, फक्त ऑपरेटिंग सिस्टीमची सवय वेगळी.

उपाय काय होता? 'फक्त आयपीव्ही६' ही सेटिंग कोडमध्ये स्पष्टपणे बंद करायची. एका ओळीचं काम! पण ती ओळ सापडेपर्यंत आम्ही राउटर बदलला, फायरवॉल बंद करून पाहिली, आणि सीझनचे तीन दिवस गेले.

आणखी दोन नेहमीचे घोळ

१. लोकलहोस्ट. या शब्दाचा अर्थ 'हेच मशीन'. डेव्हलपर एकाच लॅपटॉपवर सगळं तपासतो, तेव्हा हा पत्ता चालतो. तोच पत्ता टॅबलेटच्या ॲपमध्ये राहिला, तर टॅबलेट कॉम्प्युटरला स्वतःच्याच पोटात शोधत बसतो.

२. बदलणारा पत्ता. राउटर प्रत्येक मशीनला पत्ता तात्पुरता देतो. लाईट गेली, राउटर परत सुरू झाला, की काल १० नंबरवर असलेला कॉम्प्युटर आज १४ वर असू शकतो. बिलाच्या प्रिंटरचंही तेच. राउटरमध्ये कॉम्प्युटर आणि प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. राउटरच्या सेटिंगमध्ये ही सोय बहुतेक वेळा 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' या नावाने असते.

शेवटचा हप्ता देण्याआधी

- डेमो तुमच्या दुकानात, तुमच्या मशीनवर आणि वायफायवर घ्या. लॅपटॉपवरचा डेमो म्हणजे नुसतं सॅम्पल, माल नव्हे.
- काम देतानाच लिहून द्या: कॉम्प्युटर कोणता, विंडोज कोणतं, टॅबलेट कोणता, प्रिंटर वायरचा की वायफायचा.
- डेव्हलपरला सरळ विचारा, "प्रोग्राम आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हीवर ऐकतो का? विंडोजवर तपासलंय का?"
- सर्व्हरचा पत्ता ॲपच्या सेटिंगमधून बदलता आला पाहिजे. तो कोडमध्ये पक्का ठोकलेला असेल, तर राउटर बदलला की तुम्ही पुन्हा त्याच्या दारात.
- राउटर बंद करून परत चालू करा आणि मग एक बिल काढून बघा. ही चाचणी फुकट आहे, चुकवू नका.
- अडलंच तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट ही कमांड चालवायला सांगा. तुमच्या पोर्टसमोर चौकटी कंसातला दोन कोलनवाला पत्ता दिसतो, पण ०.०.०.० ची ओळ दिसत नाही, तर आमच्यासारखाच घोळ असण्याची दाट शक्यता.

आणि पैशाचं गणित. आता मी हप्ते तीन भागांत ठरवतो, आणि शेवटचा भाग दुकानात सात दिवस बिलं नीट निघाल्यावरच देतो. त्या मुलाशी माझं भांडण नाही, आजही कामं त्यालाच देतो. पण "माझ्याकडे तर चालतंय" ऐकलं की मी म्हणतो, "अरे, गल्ला माझ्याकडे आहे. इथे चालवून दाखव, मग बोलू."

पुढच्या भागात बिलांचा बॅकअप कसा ठेवायचा ते बघू. तोपर्यंत आज घरी जाण्याआधी एवढं करा: प्रिंटर आणि कॉम्प्युटरचा पत्ता राउटरमध्ये बघून वहीत लिहून ठेवा.