मोहाखालचा पाला जाळू नका, झाडा. नियम करायचा अधिकार ग्रामसभेलाच

धडगाव : होळी आटोपली की सातपुड्यात मोहफुलांचा हंगाम लागतो. फुले रात्रीपासून गळतात आणि उजाडायच्या आत बायका-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. फुले चटकन दिसावीत म्हणून बऱ्याच ठिकाणी आधी पाला पेटवतात. ती आग पुढे सरकली की वणवा होतो.

नुकसान कसे होते?
मोठ्या झाडाला लगेच काही होत नाही. पण खाली उगवलेली मोहाची, चारोळीची रोपे जळतात. मोहाला फुलावर यायला साधारण 8 ते 10 वर्षे लागतात. दरसाल रोपे जळाली, तर आजची जुनी झाडे गेल्यावर नातवंडांनी वेचायचे काय? शिवाय उतार उघडा पडतो, पहिल्याच पावसात माती नाल्याला लागते.

मग काय करावे?
• झाडाखालची जागा खराट्याने झाडावी. पाला उकिरड्यात टाकावा, खत होते.
• जुन्या साड्या किंवा नेट अंथरावी. फुलेही स्वच्छ मिळतात.
• आग दिसली तर वन विभागाच्या 1926 या टोल फ्री नंबरवर कळवावे.

ग्रामसभेच्या हातात काय?
2006 च्या वनहक्क कायद्यात फक्त शेतीचा पट्टा नाही. मोहफुलांसारख्या गौण वनउपजावर आणि गावाने राखलेल्या जंगलाच्या व्यवस्थापनावरही गावाचा सामूहिक हक्क आहे. जंगल व्यवस्थापनाच्या हक्काचा दावा नमुना ‘क’मध्ये करतात. जंगल राखण्यासाठी ग्रामसभा समिती नेमू शकते, नियम करू शकते. या कायद्याखालच्या सभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. फुले वेचतात त्याच, म्हणून त्यांचे म्हणणे आधी ऐकावे. राखीव जंगलात आग लावणे 1927 च्या वन कायद्याने गुन्हाच आहे. पण पहाटे झाडाखाली शिपाई उभा नसतो, गावचाच माणूस असतो.

शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाड्याने असेच नियम करून सुमारे 1100 एकर जंगल राखले. तिथे वनभाज्यांची स्पर्धाही भरते. या कामातले चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

26 जानेवारीची ग्रामसभा हंगामाच्या आधीच येते. पाला न जाळण्याचा ठराव तेव्हाच लिहून घ्यावा.