आजीचं नाव नको, पणजीचं चालेल

स्टुटगार्टच्या वृद्धाश्रमात मी परिचारिका आहे. खोल्यांच्या दारांवर नावं दिसतात होर्स्ट, गुंटर, वाल्ट्राउड, इंगेबोर्ग. बालवाडीत हाका ऐकू येतात नोआ, एमिलिया अशा. जुन्या जर्मॅनिक नावांना नाझींनी डोक्यावर घेतलं, त्याचे चटके नावांनाही बसले. १९४५नंतर आडोल्फ तर पाळण्यातून जवळजवळ हद्दपारच झाला. पुढे सिनेमा, दूरचित्रवाणीमुळे परकी नावं आली. १९९१च्या सुमारास, ‘होम अलोन’ गाजत असताना, त्यातल्या केविनच्या नावाची लाट होती. पण राजकारणापेक्षा वय मला मोठं कारण वाटतं. आजीचं नाव तान्ह्या बाळासाठी म्हातारं वाटतं, पणजीचं मात्र गोड. म्हणून फ्रीडा, कार्ल, माटिल्डा परतलेत. हे ऐकून आमच्या एक आजी म्हणाल्या, “मग वाल्ट्राउडचीही पाळी येईल.” मलाही तसंच वाटतं.