बल्क कूलर गार करत नाही? गॅस भरण्याआधी मागची जाळी बघा



ऊन तापलं की एकच तक्रार सुरू होते. "कूलर दिवसभर चालतोय, पण दूध ४ डिग्रीवर येत नाही." मग मेकॅनिक बोलवायचा, गॅस भरायचा, पैसे द्यायचे, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. तोवर एखादी टाकी नासते आणि फटका सगळ्यांना बसतो. म्हणून हा मेसेज शेवटपर्यंत वाचा.

*आधी कूलरचं काम समजून घ्या*
कूलर थंडी तयार करत नाही. तो दुधातली उष्णता ओढून घेतो आणि मागच्या कंडेन्सरच्या जाळीतून बाहेरच्या हवेत टाकतो. पाट तुंबला तर मोटर कितीही चालवा, पाणी शेतात पोचत नाही. तसंच इथं आहे. जाळीतून उष्णता बाहेर गेली नाही, तर कॉम्प्रेसर नुसता तापतो, वीजबिल वाढतं आणि दूध कोमटच राहतं.

आणि गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. गरजेपेक्षा जास्त भरला तर दाब वाढून गारवा आणखी कमी होतो.

*वेळ का महत्त्वाची?*
धारेचं दूध साधारण ३७ डिग्रीचं असतं. पहिले दोन-तीन तास दुधात स्वतःचं थोडं संरक्षण असतं. त्यानंतर कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. चांगल्या स्थितीतला कूलर टाकी निम्मी भरलेली असताना ३५ डिग्रीचं दूध साधारण ३ तासांत ४ डिग्रीवर आणतो. तुमच्याकडे ५-६ तास लागत असतील तर खालच्या गोष्टी क्रमाने तपासा.

*१) जाळी साफ करा.* आधी मेन स्विच बंद. धूळ, भुसा, जनावरांचे केस, कोळ्याची जाळी मऊ ब्रशने काढा. ब्रश पात्यांच्या दिशेने, वरून खाली फिरवा. हवा मारायची तर आतून बाहेर मारा. जोराच्या पाण्याने पाती वाकतात आणि हवेची वाटच बंद होते. उन्हाळ्यात दर आठवड्याला हे काम करा.

*२) हवेला वाट द्या.* युनिट भिंतीपासून किमान दोन फूट दूर हवं. फॅन गरम हवा ज्या बाजूला फेकतो ती बाजू पूर्ण मोकळी ठेवा. तिथं कॅन, पेंडीची पोती, जुनं सामान रचू नका. बंद खोलीत तीच गरम हवा फिरून परत जाळीत जाते. वरच्या बाजूला झरोका किंवा एक्झॉस्ट फॅन बसवा. जनरेटरचा धूर आणि गरम हवा युनिटकडे येत नाही ना, तेही बघा.

*३) सावली करा, गुंडाळू नका.* युनिटवर ऊन येत असेल तर उंचावर छप्पर किंवा शेडनेट बांधा. नेट जाळीला चिकटू देऊ नका. जाळीवर बोअरचं पाणी मारायची सवय मोडा. क्षार साचतात आणि जाळी कायमची खराब होते.

*४) संध्याकाळचं दूध हिशोबाने ओता.* टाकीत ५०० लिटर दूध ४ डिग्रीवर आहे. त्यात ३४ डिग्रीचं १०० लिटर ओतलं तर मिश्रण ९ डिग्रीवर जातं. एकदम २०० लिटर ओतलं तर साडेबारा डिग्रीच्या वर. मिश्रण १० डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका. थोडं थोडं ओता, ढवळणी चालू ठेवा.

*५) टाकीत दूध कमी असताना घाई नको.* ढवळणीची पाती दुधात बुडेपर्यंत कूलिंग सुरू करू नका. नाहीतर तळाला दूध गोठतं आणि थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवतो.

*६) लाईट गेली-आली तर* लगेच चालू करू नका, ५ मिनिटं थांबा. व्होल्टेज कमी असेल तर चालवू नका. दाब वाढून कॉम्प्रेसर सारखा बंद पडत असेल तर रीसेटचं बटण दाबत बसू नका. आधी जाळी आणि फॅन बघा.

*दूध घालणाऱ्यांसाठी*
कूलरचं निम्मं दुखणं आपल्या गोठ्यात कमी होतं. धार काढली की झाकण लावलेली किटली गार पाण्याच्या टबात ठेवा. पाणी किटलीच्या तोंडाखाली राहील एवढंच. ३४ ऐवजी २८ डिग्रीचं दूध केंद्रावर आलं, तर ४ डिग्रीपर्यंत आणायचं कूलरचं काम पाचव्या हिश्श्याने वाचतं. दुधात बर्फ टाकू नका, ती भेसळ धरली जाते. आणि केंद्रावर वेळेत या. उन्हात उभी राहिलेली किटली सगळ्यांची टाकी बिघडवते.

*मेकॅनिक कधी बोलवायचा?*
वरचं सगळं करूनही फरक नाही, किंवा नळीच्या जोडावर तेलाचा डाग दिसतोय, तर बोलवा. त्याला सांगा, आधी गळती शोधा, जोड पक्का करा, मग प्लेटवर लिहिलेलाच गॅस वजन करून भरा.

*या आठवड्याचं काम:* जाळी साफ करायच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, दर अर्ध्या तासाने दुधाचं तापमान वहीत लिहा. ४ डिग्रीला यायला किती वेळ लागला ते दोन्ही दिवसांचं ताडून बघा. वहीचा फोटो ग्रुपवर टाका. फरक पडला नसेल तर पुढं काय करायचं ते आपण मिळून ठरवू.

– दूध संकलन विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी